पिंपरीत बनलेल्या गाडीचे सुटे भाग विलायतेहून आणताना

आमची मर्सिडीज ई २२० ही १९९६ सालची. जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. १९९५ पासून ही गाडी पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळवली जायची. म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. आता मात्र तिचा एक चांगला लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) पुण्यात मिळवायचा म्हटलं तरी दमछाक होते. बाबांनी गाडी माझ्याकडे दिली तेव्हाच बजावलं होतं, "गाडी फुकट आहे, बाकी काही फुकट नाही."

एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या चाकांकडून खड्ड्यात ठकठक यायला लागली. मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि यादी दिली: दोन्ही लोअर आर्म बॉल जॉइंटसकट (म्हणजे त्यांच्या टोकाच्या फिरत्या सांध्यासकट), पुढचे शॉकअप, स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा आयडलर आर्म, इंजिन माउंटिंग. शिवाय दारांची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) कडक झाल्यामुळे पावसात पाणी आत येत होतं. एकोणतीस वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार?

आधी पुण्यातली सुट्या भागांची बाजारपेठ, नाना पेठ, पालथी घातली. काही दुकानदारांनी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवून देतो म्हटलं, पण माल कुठल्या कंपनीचा ते कुणी सांगेना. "ताई, चालतंय सगळं" हे उत्तर ब्रेक-स्टिअरिंगच्या भागांना मला चालत नाही. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने सगळा माल परदेशातून मागवावा लागेल, आगाऊ पैसे भरा, तीन-चार महिने धरा, असं सांगितलं. आकडा एक लाख साठ हजारांच्या वर, मजुरी वेगळी. तेव्हा ठरवलं की आपणच मागवून बघू.

पुढचे सहा महिने कसे गेले ते तारखांसकट लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मला फक्त दोन टोकाची मतं सापडली: "कस्टम्सच्या नादी लागू नका" आणि "व्हॅल्यू कमी लिहून घ्या, काही होत नाही." दोन्ही माझ्या कामाची नव्हती. पैसे वाचतात, पण ते पार्सल निघण्याआधी वाचतात. ते मुंबईत उतरल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

जून: नंबर काढणं

मिस्त्री म्हणाले होते, "ताई, आधी नंबर काढून आणा, मग बोलू." संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा सल्ला. आरसीवरच्या चॅसिस नंबरावरून गाडीचा मूळ तपशील आणि प्रत्येक भागाचा कंपनी क्रमांक काढता येतो. जुन्या गाड्यांमध्ये तोच क्रमांक पुढे बदललेलाही असतो, म्हणून जुना आणि नवा दोन्ही लिहून ठेवा. माझी एक वही आणि एक एक्सेल शीट झाली.

क्रमांक हाती आला की पहिली बचत दिसायला लागते. गाडीची कंपनी शॉकअप किंवा बॉल जॉइंट सहसा स्वतः बनवत नाही. लेमफर्डर, झाक्स, बिलस्टाइन असे पुरवठादार बनवतात आणि आपल्या नावाच्या डब्यातही विकतात. गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेला तसाच भाग बराच स्वस्त मिळतो. मात्र सुटे भाग विकणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच क्रमांकाखाली कुणी ऐकलेली नाही अशा कंपनीचा मालही चौथ्या हिश्श्याच्या किमतीत असतो. तो मी सोडून दिला. इतक्या लांबून मागवायचं, ड्युटी भरायची आणि दोन वर्षांनी पुन्हा गाडी वर घ्यायची, हे परवडत नाही.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगच्या बाजूची. जर्मनीत या गाडीचा माल सगळ्यांत जास्त, पण तिथल्या गाड्या डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. बॉल जॉइंटला फरक पडत नाही. स्टिअरिंगच्या दांड्या, वायपरची यंत्रणा आणि हेडलाइट यांना पडतो. जर्मन हेडलाइटचा झोत उजवीकडे वळतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून मी ब्रिटनकडे वळले, कारण तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते.

याच महिन्यात काय मागवायचं नाही तेही ठरलं. जुने, वापरलेले भाग मोह पाडतात. भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेला स्पीडोमीटर कवडीमोलाने मिळत होता. पण आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या मालाची आयात (भांडवली यंत्रसामग्री सोडून) 'प्रतिबंधित' प्रकारात येते, त्याला डीजीएफटीचा (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. टायरची आयातही २०२० पासून प्रतिबंधित आहे. व्हील रिम आणि काच यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन लागतं. एअरबॅग स्फोटक घटकामुळे धोकादायक माल ठरते, साध्या कुरिअरने येत नाही. एवढी नावं यादीतून खोडली की डोकं हलकं होतं.

फिल्टर, बेल्ट, साधे बुश हेही बाहेरून मागवले नाहीत. ते इथे चांगल्या कंपनीचे मिळतात.

जुलै: भाव आणि खोकी

तीन दुकानांकडून भाव मागवले. ब्रिटनमधल्या किमतीत २० टक्के व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) धरलेला असतो. माल देशाबाहेर जाणार असेल तर विक्रेता तो वगळू शकतो, पण त्यासाठी माल त्याने स्वतः थेट भारतात पाठवायला हवा. मी आधी वेगळा बेत केला होता: पाच दुकानांतून स्वस्तात स्वस्त उचलायचं, तिथल्या एका गोदामात गोळा करायचं आणि एकत्र पाठवायचं. कागदावर मांडलं तेव्हा कळलं की गोदामाचा पत्ता ब्रिटनमधला, म्हणजे पाचही दुकानं व्हॅट लावणार. शिवाय गोदामाची फी. त्यापेक्षा एकाच दुकानाला म्हटलं, "तुमच्याकडे नसलेल्या दोन वस्तूही तुम्हीच आणून घाला, एकच बिल करा." ते तयार झाले. ६२४ पौंडांची यादी व्हॅट वजा जाता ५२० पौंडांवर आली.

मग वाहतूक. पहिला भाव दोन खोक्यांचा, १८५ पौंड. मालाचं खरं वजन साडेपंधरा किलो असताना हिशेब सव्वीस किलोचा! एक्सप्रेस कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. प्रत्येक वस्तू आपल्या रंगीत डब्यात, डब्यात हवा आणि त्या हवेचं भाडं मी देणार. दुकानाला विनंती केली की बाहेरचे डबे काढा, लेबलं कापून वस्तूला बांधा, बीडिंग गुंडाळून मोकळ्या जागेत बसवा. ६५ × ४० × ३२ सेंटिमीटरचं एकच खोकं झालं, हिशेबाचं वजन १७ किलो, भाडं १३० पौंड. पॅक करण्याआधी सगळ्या वस्तूंचे लेबलासकट फोटो मागून घेतले. ते पुढे उपयोगी पडले.

समुद्रमार्गाचाही भाव काढला होता. न्हावा शेवापर्यंतचं भाडं हास्यास्पद वाटावं इतकं कमी. पण डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडवण्याचं पत्र), सीएफएसचं म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं भाडं आणि कस्टम्स ब्रोकरची फी हा इथला खर्च मिळून विमानाच्या कुरिअरला मागे टाकत होता. अख्खं इंजिन किंवा दरवाजे आणायचे असतील तर ठीक. शिवाय तिथे बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरणपत्र) उशिरा दाखल झालं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो. मला ती धास्ती नको होती.

२४ जुलैला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले. माझ्या मालाला त्याचा उपयोग शून्य होता. सही झाली म्हणून सवलत त्याच दिवशी सुरू होत नाही. आणि झाली असती तरी माझे शॉकअप आणि आर्म जर्मन बनावटीचे. कराराची सवलत माल कुठे बनला त्यावर ठरते, कुठून पाठवला त्यावर नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर: थांबण्याची किंमत

ऑगस्टच्या शेवटी पैसे भरले. नेहमीचं क्रेडिट कार्ड परकीय चलनावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतं. ६५० पौंडांवर ते तीन हजार दोनशेच्या आसपास जात होतं. मार्कअप नसलेलं कार्ड काढून ते वाचवलं.

दुकानाने विचारलं, "बिलावर रक्कम कमी लिहू का? 'गिफ्ट' लिहू का?" विचारण्याचा सूर अगदी सवयीचा. नाही म्हटलं. भेटवस्तूंची सूट २०१९ च्या डिसेंबरमध्ये जवळजवळ संपली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढंच उरलं. खोटी किंमत पकडली गेली तर माल जप्त होऊ शकतो, वर दंड. आणि खोकं हरवलं तर भरपाई बिलावरच्याच रकमेची मिळते. उलट मी बिल जास्त तपशिलात करून घेतलं: प्रत्येक ओळीत वस्तूचं साधं नाव, भाग क्रमांक, 'नवीन' असा शब्द, बनावटीचा देश, एचएस क्रमांक (ज्यावरून ड्युटीचा दर ठरतो तो मालाच्या प्रकाराचा क्रमांक), किंमत. 'कार पार्ट्स' एवढंच लिहिलेलं बिल म्हणजे प्रश्नांना निमंत्रण.

एचएस क्रमांकाबद्दल थोडं. गाडीचे बहुतेक भाग ८७०८ मध्ये येतात, पण सगळे नाहीत. रबराची बीडिंग ४०१६ मध्ये, बेअरिंग ८४८२ मध्ये, दिवे ८५१२ मध्ये, वायरिंग ८५४४ मध्ये. दर सारखे नसतात. वैयक्तिक वापराच्या मालासाठी ९८०४ असं आणखी एक शीर्ष आहे, त्याचा दर पुन्हा वेगळा आणि तो बजेटमध्ये बदलत आला आहे. कुरिअरवाले घाईत सगळंच एका शीर्षाखाली टाकतात. त्यामुळे मागवण्याच्या दिवशीचे दोन्ही दर पाहून ठेवा आणि आपलं म्हणणं आधीच लेखी कळवा.

आता नशिबाचा भाग. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने जाहीर केलं की २२ तारखेपासून वाहनांच्या सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के. आयात मालावर लागणारा आयजीएसटीही त्याच दराने. आणि दर कुठल्या दिवसाचा? सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५ नुसार बिल ऑफ एंट्री दाखल होण्याच्या दिवसाचा (ते आगाऊ दाखल केलं असेल तर माल येण्याच्या दिवसाचा). माझं खोकं त्या आठवड्यात निघणार होतं. तातडीने दुकानाला मेल केला: २२ तारखेशिवाय पाठवू नका. त्यांना कारण समजावून सांगावं लागलं, पण थांबले बिचारे.

८७०८ चं गणित असं. मूळ ड्युटी १५ टक्के, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १०० चे ११६.५०. त्यावर २८ टक्के लावले की एकूण बोजा ४९.१२ टक्के, १८ लावले की ३७.४७ टक्के. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तीन आठवडे ठकठक ऐका!" ऐकली.

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, माल निघाला.

मुंबईतले दिवस

२६ तारखेला शुक्रवारी खोकं मुंबईत उतरलं आणि ट्रॅकिंगवर 'क्लिअरन्स इव्हेंट' अशी ओळ आली. पोटात गोळा आला, पण ही ओळ जवळजवळ प्रत्येकाला दिसते. पाठोपाठ केवायसीचा, म्हणजे ओळखीचे पुरावे मागणारा मेल. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. बिलावरचं नाव, कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच असू द्या. माझ्या आधारवर जुना पत्ता आहे म्हणून विजेचं बिल जोडलं. वैयक्तिक आयातीला आयईसी (आयात-निर्यातदारांचा नोंदणी क्रमांक) लागत नाही. माल विक्रीसाठी नाही हे दाखवायला गाडीचं आरसी आणि दोन ओळींचं पत्र जोडून ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी.

सोमवारी प्रश्न आला: माल नवा की वापरलेला? डबे नसल्यामुळे शंका आली असणार. दुकानाने काढलेले फोटो आणि पैसे भरल्याची नोंद पाठवली. दोन दिवस शांतता. कुरिअरच्या हेल्पलाइनला फोन केला की दर वेळी नवा माणूस आणि तीच कहाणी पहिल्यापासून. मेलमध्ये एअरवे बिल क्रमांक (खोक्याचा ट्रॅकिंग क्रमांक) विषयातच लिहून, सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये पाठवल्यावर उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव.

मग ड्युटीचा अंदाज आला, आणि तो माझ्या शीटपेक्षा जास्त. ओळीओळीने पाहिलं. त्यांनी १३० पौंडांचं अख्खं भाडं किमतीत धरलं होतं. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, वाहतूक आणि विमा धरून असते, हे खरं. पण सीमाशुल्क मूल्यांकन नियम २००७ मधला नियम १० म्हणतो की माल विमानाने आला असेल तर वाहतूकखर्च निर्यातीच्या वेळच्या किमतीच्या (एफओबी) २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के. नियमाचा उल्लेख करून विनम्र मेल टाकला. भांडायला गेले नाही, कारण त्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हातात माझं खोकं होतं.

दुरुस्त हिशेब असा (पौंड १२० रुपये धरून, आणि वाचायला सोपं जावं म्हणून बीडिंगसुद्धा ८७०८ मध्येच धरून): माल ६२,४००, भाडं १५,६०० पण धरलं १२,४८०, विमा ७०२. मूल्य ७५,५८२. मूळ ड्युटी ११,३३७, अधिभार १,१३४, आयजीएसटी १५,८५०. एकूण २८,३२१. त्या एका मेलने साडेअकराशेच्या थोडे वर रुपये कमी झाले. फार नाहीत, पण तेवढ्यात चाकांचं अलाइनमेंट निघालं. जुन्या आयजीएसटी दराने हीच ड्युटी ३७,००० च्या वर गेली असती. पौंडाचा दर बाजारातला नाही, सीबीआयसी (कस्टम्सचं केंद्रीय मंडळ) महिन्यातून दोनदा जाहीर करते तो धरतात. त्यामुळे शंभर-दोनशे रुपये इकडेतिकडे होतातच.

यावर कुरिअरची हाताळणी फी, जीएसटीसकट दीड हजार. खोकं दारात येईपर्यंत एकूण एक लाख आठ हजारांच्या थोडं आत.

मध्ये दसरा गेला. खंडेनवमीला आमच्याकडे वाहनांची पूजा असते. गाडी गॅरेजमध्ये जॅकवर, पुढचे आर्म काढलेले. मिस्त्रींनीच तिला झेंडूचा हार घातला आणि फोटो पाठवला. बाबांना तो फोटो मी दाखवला नाही.

ऑक्टोबर

७ तारखेला खोकं आलं. उघडताना व्हिडिओ काढा, हा कंटाळवाणा सल्ला मी पाळला. बिल ऑफ एंट्रीची प्रत कुरिअरकडून मागून घेतली. आपणहून देत नाहीत. कुणी कधी विचारलं की माल कसा आणला, तर दाखवायला तोच कागद.

शॉकअप, आर्म, माउंटिंग तीन दिवसांत बसले. आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना, तिच्या स्वतःच्या वजनावर शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर नवं रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. हे मिस्त्रींना माहीत होतं. तुमच्या मिस्त्रींना विचारून घ्या. ठकठक गेली. दिवाळीत गाडी घेऊन वाईला जाऊन आलो.

बीडिंगच्या चार पट्ट्यांपैकी एक चुकीची निघाली. उजव्या मागच्या दाराची मागवली होती, लेबलही उजव्याचं, आत डाव्या मागच्याची. म्हणजे डाव्या मागच्या दाराच्या दोन. व्हिडिओ आणि लेबलाचा फोटो पाठवल्यावर दुकानाने तिचे पैसे परत केले आणि परत पाठवू नका म्हणाले, कारण पाठवायचं भाडं पट्टीच्या किमतीपेक्षा जास्त. तिच्यावर भरलेली ड्युटी मात्र गेली. तेवढ्यासाठी परताव्याचा अर्ज करण्याची माझ्यात ताकद उरलेली नाही. तेव्हा कुणाच्या डब्ल्यू १२४ चं डावं मागचं दार पावसात गळत असेल तर कळवा. विकायची नाहीये, पुण्यात येऊन घेऊन जा.